पत्ता तोच, पाटी नवी

ऑस्ट्रियातल्या ब्राउनाउ या गावात हिटलरचं जन्मघर आजही उभं आहे. युद्धानंतर तिथं वाचनालय झालं, शाळा भरली, पुढं अपंगांची कार्यशाळा चालली. 2011पासून घर रिकामं पडलं. मालकी खासगी होती आणि विक्री होत नव्हती, म्हणून ऑस्ट्रियाच्या सरकारनं 2016च्या अखेरीस खास कायदा करून ते ताब्यात घेतलं. 2019मध्ये तिथं पोलीस ठाणं करायचं ठरलं. या सगळ्या काळात जगभरच्या वर्तमानपत्रांतून एकच वाद रंगला: घर पाडावं की वापरावं? पाडा म्हणणारे सांगत होते की खूण राहिली तर भक्त येतील. वापरा म्हणणारे विचारत होते की वास्तूचा काय दोष? तिथं एखादं चांगलं काम सुरू करा, म्हणजे जागा शुद्ध होईल.

मला हे दोन्ही पक्ष एकाच माळेचे मणी वाटतात. पाप विटांत मुरतं, असं दोघंही मनोमन धरून चालतात. एकाला ते कुदळीनं काढायचं आहे, दुसऱ्याला रंगसफेदीनं. घरात वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, असं आपल्याकडची वडीलधारी माणसं सांगतात. त्या समजुतीत वास्तूकडं कसलाही दोष नाही, जपून राहायला सांगितलंय ते बोलणाऱ्याला. नाझी अधिकाऱ्यांच्या घरांचा आणि कचेऱ्यांचा विचार याच बाजूनं करायला हवा. इमारत उभी आहे की पडली, ही गोष्ट दुय्यम आहे. त्या जागी आज बसणाऱ्या माणसाला आधीच्या माणसानं तिथं काय काम केलं ते ठाऊक आहे का, आणि तो ते दारावर सांगतो का, हे महत्त्वाचं. मुकाट्यानं केलेला चांगला वापर हा मला पाडण्याइतकाच, किंबहुना त्याहून मोठा अपराध वाटतो.

1. गुन्ह्याची जागा कोणती?

ब्राउनाउच्या घराबद्दल इतकी शाई खर्च झाली, पण या सगळ्या घरांत सर्वांत बिनमहत्त्वाचं तेच आहे. तिथं एक मूल जन्मलं आणि त्याच्या आईवडिलांनी थोड्याच काळात बिऱ्हाड हलवलं. गुन्हा म्हणावा असं तिथं काही घडलं नाही. तरीही आपलं लक्ष तिकडंच जातं, कारण सगळं एका राक्षसाच्या माथी मारलं की मोकळं होता येतं. नाझी राज्य मात्र एका माणसाच्या क्रोधावर चाललं नव्हतं. ते खात्यांवर, बदल्या-बढत्यांवर, जावक क्रमांकांवर आणि कार्बन कागदांवर चाललं होतं.

बर्लिनच्या वान्झे तलावाकाठी 1914-15मध्ये एका कारखानदारानं बांधलेला एक देखणा बंगला आहे. 1940मध्ये तो एसएस या नाझी संघटनेच्या एका प्रतिष्ठानानं विकत घेतला. 20 जानेवारी 1942ला तिथं पंधरा जण जमले. एसएसचा बडा अधिकारी हायड्रिश अध्यक्षस्थानी होता, टिपणं त्याच्या हाताखालच्या आइशमाननं सांभाळली. जमलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण डॉक्टरेट मिळवलेले होते. बैठकीच्या निमंत्रणात चर्चेनंतर न्याहारी ठेवल्याचा उल्लेख आहे. इतिवृत्तात देशवार तक्ता आहे, त्यात कुठल्या देशात किती ज्यू ते लिहिलंय आणि खाली बेरीज मारलीय: एक कोटी दहा लाखांहून अधिक. या इतिवृत्ताच्या तीस प्रती काढल्या गेल्या. त्यातली सोळाव्या क्रमांकाची प्रत 1947मध्ये सापडली, म्हणून आज आपल्याला हे कळतं. मारायचं की नाही, यावर त्या टेबलाभोवती कुणी वाद घातला नाही. मारणं आधीच सुरू झालेलं होतं. कुठलं खातं काय करणार, मिश्र विवाहातल्यांचं काय, वाहतूक कशी होणार, एवढंच ठरवायचं होतं.

छळछावणी पाहून आपण हादरतो आणि ते योग्यच आहे. पण छावणीत नेमणुका, रसद आणि हुकूम आले ते कुठून? बर्लिनच्या उत्तरेला ओरानियनबुर्गमध्ये इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची एक लांबलचक इमारत आहे. 1938पासून सगळ्या छळछावण्यांचा कारभार तिथून चाले. आज तिच्या एका भागात स्मारकांचं प्रतिष्ठान आहे आणि बाकीच्या भागात आयकर कार्यालय. तार आणि मनोरा पाहताना आपण स्वतःला कैद्याच्या जागी ठेवतो. कचेरीचं टेबल पाहताना ते जमत नाही. तिथं आपल्याला आपली स्वतःची जागा दिसते. या इमारतींचं खरं मोल त्यात आहे आणि त्या नकोशा वाटतात त्याही त्यामुळंच.

2. पाडल्यानं काय झालं

पाडून पाहिलेलं आहे. बर्लिनच्या प्रिन्स-आल्ब्रेख्ट-स्ट्रासे 8 या पत्त्यावर गेस्टापोचं, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांचं मुख्यालय होतं. बॉम्बहल्ल्यातून उरलेले अवशेष 1950च्या दशकात सुरुंग लावून जमीनदोस्त केले. मग त्या मैदानावर राडारोडा साठवला जाऊ लागला, आणि शेजारीच लायसन्स नसलेल्यांना मोटार चालवायची हौस भागवता येईल असा रस्ता तयार झाला. युरोपभरच्या माणसांच्या यातनेचे हुकूम जिथून सुटले, तिथं लोक सुट्टीच्या दिवशी गिअर टाकायला शिकत होते. 1985च्या मे महिन्यात काही नागरिक फावडी घेऊन आले आणि त्यांनी खणायला सुरुवात केली. पायाच्या भिंती लागल्या. 1987मध्ये तिथं प्रदर्शन उभं राहिलं, 2010मध्ये कायमचं केंद्र. पाडणाऱ्यांनी घातलेली माती उपसायला पंचवीस-तीस वर्षं गेली.

आइशमानची कचेरी कुरफ्युर्स्टनस्ट्रासेवर, ज्यूंच्याच एका संस्थेकडून बळकावलेल्या इमारतीत होती. 1960च्या दशकात ती पाडून तिथं हॉटेल बांधलं. आज त्या जागेचा इतिहास सांगतो तो समोरचा बसथांबा. त्याच्या निवाऱ्यावर छायाचित्रं आणि मजकूर लावलेला आहे.

ओबरझाल्ट्सबेर्ग डोंगरावरच्या हिटलरच्या बंगल्याचे अवशेष बव्हेरिया सरकारनं 30 एप्रिल 1952ला, म्हणजे त्याच्या आत्महत्येच्या तारखेलाच उडवले. भक्त थांबले का? लोक डोंगर चढून येतच राहिले, त्यांना काही सांगणारं मात्र तिथं कुणी नव्हतं. अखेर 1999मध्ये त्याच सरकारला तिथं माहिती केंद्र उघडावं लागलं. बर्लिनमधल्या हिटलरच्या बंकरवर गाड्यांचा तळ झाला. तिथं फलक लागायला 2006 उजाडलं, तेही विश्वचषक फुटबॉलसाठी पाहुणे येणार होते तेव्हा.

3. मुकाट वापर

आता दुसरा पक्ष, चांगल्या वापराचा. याच्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तो सभ्य दिसतो.

कोलोन शहरात कोर्टासमोर एका व्यापाऱ्यानं बांधायला घेतलेली इमारत होती, त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून एल-डे हाउस म्हणून ओळखली जाणारी. 1935मध्ये ती गेस्टापोनं भाड्यानं घेतली आणि तळघरात दहा कोठड्या बांधल्या. शहर बॉम्बहल्ल्यांत बेचिराख झालं, ही इमारत मात्र बचावली. युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत आतल्या चौकात शेकडो माणसांना फाशी दिलं गेलं, त्यात वेठबिगार म्हणून आणलेले परदेशी मजूर पुष्कळ होते. युद्ध संपलं आणि जागेची चणचण असलेल्या महापालिकेनं इमारत भाड्यानं घेतली. वर विवाहनोंदणी आणि पेन्शन, खाली कोठड्यांत जुन्या फायलींचे गठ्ठे.

त्या कोठड्यांच्या भिंतींवर अठराशेच्या आसपास मजकूर होते. कुणी खिळ्यानं ओरखडलेले, कुणी नखानं, काही कोळशानं, खडूनं, पेन्सिलीनं आणि काही लिपस्टिकनं लिहिलेले. शेकडो मजकूर सिरिलिक लिपीत आहेत. नाव, गाव, अटकेचा दिवस, आईला निरोप. पालिकेचा कारकून फाइल काढायला रोज या भिंतींपाशी जात असणार. त्यानं दिवा लावला असेल, गठ्ठा शोधला असेल, दिवा मालवून वर आला असेल. तो वाईट माणूस होता असं मी म्हणत नाही. त्याला पाहायला कुणी सांगितलेलं नव्हतं. 1979मध्ये कुर्ट होल हा शिक्षक आणि गेर्नोट हुबर हा छायाचित्रकार कचेरी बंद होताना आत लपून बसले. रात्रभर त्यांनी भिंतींची छायाचित्रं काढली आणि ती लोकांसमोर ठेवली. त्याच वर्षी नगरपरिषदेला ठराव करावा लागला आणि डिसेंबर 1981मध्ये कोठड्या स्मारक म्हणून उघडल्या. चौतीस वर्षं जो इतिहास फायलींमागं पडून होता, तो बाहेर काढायला दोन माणसं आणि एक रात्र पुरली.

इतकी वर्षं कुणी का पाहिलं नाही? याचं उत्तर भिंतींपेक्षा खुर्च्यांत आहे. पश्चिम जर्मनीच्या कायदे मंत्रालयाचं पहिलं ठाणं बॉनमधल्या रोझेनबुर्ग या वाड्यात होतं. त्या मंत्रालयानं स्वतःच नेमलेल्या अभ्यासकांचा अहवाल 2016मध्ये आला. 1949 ते 1973 या काळातले वरच्या हुद्द्यावरचे 170 कायदेतज्ज्ञ त्यांनी तपासले. त्यातले 90 जण नाझी पक्षाचे सदस्य राहिलेले निघाले, 34 जण एसए या नाझी दलाचे. न्युर्नबर्गच्या वंशकायद्यांवर भाष्य लिहिणारा हान्स ग्लोब्के 1953 ते 1963 अशी दहा वर्षं चान्सलर आडेनाउअर यांचं कार्यालय चालवत होता. इमारतीला नवी पाटी मिळाली तशी माणसालाही मिळाली. पाटीमागचं कुणी काढायचं नाही, असा अलिखित करार दोघांनी पाळला.

योझेफ वुल्फ यांना हा करार मान्य नव्हता. ऑश्विट्झमधून वाचलेला हा इतिहासकार 1960च्या दशकात बर्लिनमध्ये राहून नाझी कागदपत्रांचे जाडजूड संग्रह प्रसिद्ध करत होता. वान्झेच्या त्या बंगल्यात संशोधन केंद्र व्हावं म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली. तिथं तेव्हा बर्लिनच्या शाळकरी मुलांचं सुट्टीतलं वसतिगृह होतं. मुलांच्या खेळण्याबागडण्याची जागा काढून तिथं प्रेतांची आठवण कशाला, असा सूर निघाला आणि प्रकल्प बारगळला. मुलांचं हसणं ही चांगलीच गोष्ट, तिला कोण नाही म्हणेल? पण ते हसणं इथं ढालीसारखं पुढं केलं गेलं. 1974च्या उन्हाळ्यात वुल्फ यांनी मुलाला पत्र लिहिलं. आपण इतकं लिहिलं तरी काही परिणाम झाला नाही, आणि मारेकरी आपापल्या घरांत फुलझाडं लावत मोकळे फिरताहेत, असा त्याचा आशय होता. ऑक्टोबरमध्ये त्यांनी आत्महत्या केली. बंगल्याचं स्मारक झालं ते 20 जानेवारी 1992ला, बैठकीच्या पन्नासाव्या वर्षी. तिथल्या ग्रंथालयाला वुल्फ यांचं नाव आहे.

4. मग वापर कसा असावा

चांगलं उदाहरण नाही असं नाही. वॉर्सात शूखा मार्गावर 25 क्रमांकाची इमारत युद्धापूर्वी पोलंडच्या शिक्षणखात्यासाठी बांधली गेली. जर्मनांनी ती गेस्टापोला दिली. तळघरात चौकशीची वाट पाहणाऱ्या कैद्यांना एकामागं एक मांडलेल्या आसनांवर, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, न बोलता न हलता बसवून ठेवत. कैदी त्या कोठड्यांना ट्राम म्हणत. युद्धानंतर शिक्षण मंत्रालय आपल्या इमारतीत परत आलं, पण तळघर त्यानं आपल्याकडं घेतलं नाही. 1952पासून तिथं संग्रहालय आहे, आसनं तशीच रांगेत आहेत. वर आजही अभ्यासक्रम ठरतात. मंत्रालयाचं काम अडलेलं नाही आणि तळघरही गप्प बसलेलं नाही.

ऑस्लोत नाझींचा हस्तक क्विस्लिंग ज्या प्रासादात राहिला, त्या व्हिला ग्रांदेमध्ये आता ज्यूंच्या संहाराचा आणि धार्मिक अल्पसंख्याकांचा अभ्यास करणारं केंद्र आहे. लुटलेल्या ज्यू मालमत्तेची जी भरपाई नॉर्वेनं 1999मध्ये मंजूर केली, तिच्यातून ते उभं राहिलं. 26 नोव्हेंबर 1942ला डोनाउ जहाजातून 529 ज्यूंना ऑस्लोहून नेलं गेलं. त्यांच्या लुटीचा हिशेब आज त्याच घरात मांडलेला आहे.

बर्लिनमध्ये हिटलरचा हवाईमंत्री ग्योरिंग याचं मंत्रालय 1935-36मध्ये बांधलेलं. 7 ऑक्टोबर 1949ला पूर्व जर्मनीची स्थापना तिथंच झाली, 17 जून 1953ला कामगारांचा मोर्चा त्याच्याच दारात धडकला, आणि 1999पासून तिथं संघराज्याचं अर्थ मंत्रालय आहे. अशी इमारत पाडा म्हणणं मला पटत नाही. हारो शुल्झे-बॉयझन हा अधिकारी याच हवाई मंत्रालयात नोकरीला होता. तिथली गुपितं त्यानं हिटलरविरुद्ध वापरली आणि डिसेंबर 1942मध्ये तो फासावर गेला. तोच जिना, तसंच टेबल, तीच हजेरी. त्या कचेरीत बसूनही वेगळं वागता येत होतं. इमारत गेली तर हा पुरावाही जातो, आणि "माझा नाइलाज होता" म्हणणाऱ्यांचं फावतं.

5. तीन आक्षेप

पहिला आक्षेप भक्तांचा. जागा दाखवली की नवनाझी येणार. काही येतात, हे खरं. पण त्यांना पत्ता फलकातून कळत नाही, तो त्यांना आधीच पाठ असतो. ज्याला ठाऊक नसतो तो शेजारचा शाळकरी मुलगा, आणि फलक लागतो तो त्याच्यासाठी. ब्राउनाउच्या घरासमोर 1989पासून माउटहाउझेन छावणीच्या खाणीतला एक शिळाखंड आहे, फॅसिझम पुन्हा नको असं सांगणारा. पोलीस ठाण्यापेक्षा तो दगड मला अधिक धीट वाटतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो रास्त आहे. बर्लिनच्या उत्तरेला बोगनझे तळ्याकाठी नाझी प्रचारमंत्री गोबेल्सचा बंगला आहे. युद्धानंतर तिथं पूर्व जर्मनीच्या युवक संघटनेचं विद्यालय होतं, पुढं सगळा परिसर ओस पडला. देखभाल परवडेना, म्हणून मे 2024मध्ये बर्लिनच्या अर्थखात्याच्या प्रमुखांनी तो फुकट द्यायची तयारी दाखवली. कुणी घ्या, नाहीतर पाडावा लागेल. माझं म्हणणं असं नाही की प्रत्येक बंगल्याचं छप्पर सरकारी पैशातून शाकारत बसावं. तिथं काय झालं याची नोंद करून, जागेवर ती लिहून, मग पाडला तर माझी हरकत नाही. नोंदीला छप्पर लागत नाही.

तिसरा आक्षेप राहणाऱ्यांचा, तो सर्वांत नाजूक. ऑश्विट्झ छावणीच्या कुंपणाला लागून कमांडंट रुडॉल्फ ह्योसचं घर आहे. युद्धापूर्वी ते एका पोलिश कुटुंबाचं होतं. जर्मनांनी त्यांना हुसकावलं, ह्योस बायको आणि मुलांसह तिथं राहिला. बायकोनं बाग फुलवली, भिंतीपलीकडं धुरांडं होतं. 1947मध्ये ह्योसला छावणीतच फाशी दिलं गेलं, आणि घरात पुन्हा पोलिश बिऱ्हाड आलं. ज्यांनी तिथं पुढची काही दशकं स्वयंपाक केला, मुलं वाढवली, त्यांच्याकडं जाब कसा मागणार? मागूच नये. हे ओझं शासनाचं आणि समाजाचं आहे. त्यांनी योग्य मोल देऊन अशी घरं घ्यावीत, पर्यटकांना खिडकीतून डोकवायला सोडून राहणाऱ्यांना हैराण करू नये. या घराचं शेवटी तसंच झालं. 2024मध्ये एका अतिरेकविरोधी संस्थेनं ते घेतलं आणि छावणीच्या मुक्ततेला ऐंशी वर्षं झाली त्या जानेवारी 2025मध्ये ते लोकांना उघडलं. आवराआवर करताना माळ्यावर एका भोकात कोंबलेली पट्ट्यापट्ट्यांची विजार सापडली, कुणा कैद्याची. वारा येऊ नये म्हणून बोळा केलेली. घर पाडलं असतं तर ती राडारोड्यात गेली असती.

6. आपल्या ओळखीचा एक पत्ता

शेवटचा पत्ता मराठी वाचकाला परका वाटायचं कारण नाही. बर्लिनच्या डालेम भागात इनेस्ट्रासे 22 इथं 1927मध्ये मानववंशशास्त्र, अनुवंश आणि सुप्रजनन यांचं कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूट सुरू झालं. संचालक होते ऑयगन फिशर. 1928मध्ये पुण्याहून इरावती कर्वे तिथं दाखल झाल्या. कवट्यांच्या दोन बाजूंमधला फरक मोजायचं काम त्यांच्याकडं आलं. हा फरक युरोपीय कवट्यांत वेगळा असेल आणि त्यातून बुद्धीचं श्रेष्ठत्व दिसेल, असा फिशर यांचा कयास होता. इरावतीबाईंनी मोजलं आणि वंशाशी त्याचा संबंध दिसत नाही असं लिहिलं. गुरूच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष, तोही परक्या देशात, पदवी त्यांच्याच हाती असताना. 1930मध्ये त्या परतल्या.

त्यानंतर याच इमारतीत सक्तीच्या नसबंदीसाठी तज्ज्ञांचे अभिप्राय लिहिले गेले आणि एसएसच्या डॉक्टरांना शिकवलं गेलं. 1942मध्ये संचालक झालेल्या फेरश्युअर यांचा शिष्य म्हणजे छावणीतला डॉक्टर मेंगेले. त्यानं ऑश्विट्झमधून मारलेल्या माणसांचे डोळे इथं पाठवले. युद्धानंतर इमारत बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीकडं आली, राज्यशास्त्राचे वर्ग भरू लागले. दारावर फलक लागला 1988मध्ये.

2014मध्ये जवळच खोदकाम करताना मजुरांना हाडं लागली. पहिल्यांदा सापडलेली हाडं पुरेशी तपासणी न होताच दहन केली गेली. एवढा फलक दारावर असून! ओरड झाली, मग पुरातत्त्वज्ञांनी नीट उत्खनन केलं. सुमारे सोळा हजार तुकडे निघाले, किमान चोपन्न माणसांचे. ती कुठली, कोणत्या वंशाची, हे शोधायला पुन्हा मोजमापं घ्यायची नाहीत, असं संबंधित समाजांच्या प्रतिनिधींशी बोलून ठरलं, आणि 23 मार्च 2023ला डालेमच्या दफनभूमीत त्यांना निरोप दिला गेला.

पुण्या-मुंबईची मुलं आता मोठ्या संख्येनं बर्लिनला शिकायला जातात. डालेमला जाणारी भुयारी रेल्वे युनिव्हर्सिटीच्या दाराशीच थांबते. तिथून चालत जा, 22 नंबरच्या दारावरचा फलक वाचा, आणि आत जाऊन तिथल्या कुणाला तरी विचारा की इरावती कर्वे कुठल्या खोलीत बसत असत.